बाळाचं दूध कुठून येतंय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक यान अनोळखी ग्रहावर कोसळतं, पन्नासेक माणसं वाचतात आणि मालिकेचे पुढचे सगळे भाग त्यांनी तग कसा धरला याचे. बघणाऱ्यांत दोन तट पडलेत. एकाला काहीच पटत नाही. पहिल्याच दिवशी मास्क काढून मोकळा श्वास घेतात, वादळात अवजड गाडी उलटते, दोन दिवसांत एकमेकांच्या जिवावर उठतात, महिन्याभरात पीक उभं राहतं, आणि केस मात्र सकाळीच धुतल्यासारखे. दुसरा तट म्हणतो, प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान तुम्हाला चालतं आणि केस खटकतात? गोष्ट आहे, गोष्टीसारखी बघा. यात बरोबर कोण, आणि पटणं-न पटणं ठरवायचं कशावरून?

मी वीस वर्षं बंदिस्त जागांतल्या हवेच्या यंत्रणांवर काम केलं. जिथे खिडकी उघडायची सोय नसते अशा जागा. आत किती माणसं, किती वेळ, श्वासातून काय बाहेर पडतं आणि ते कुठे जातं, हेच रोज मोजायचं. पुढे अशा मालिकांच्या पटकथा चित्रीकरणाआधी वाचून देण्याचं काम आलं आणि आता मुख्यतः तेच करते. त्यामुळे दोन्ही तटांची माणसं मला रोज भेटतात.

दुसऱ्या तटाचं म्हणणं मला अजिबात मान्य नाही. ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ असं म्हणणं हा बघणाऱ्याचा अपमान आहे आणि लिहिणाऱ्याचाही. यान प्रकाशापेक्षा वेगानं जातं हे लेखकानं पहिल्या पाच मिनिटांत उघड सांगितलं, आपण मान डोलावली, तो करार झाला. केसांबद्दल, पिकाबद्दल असा कोणताही करार झालेला नाही. तिथे आपलं नेहमीचंच जग चालू असतं.

पहिल्या तटाची तक्रार मात्र जवळजवळ नेहमी खरी असते. फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलेलं असतं. प्रेक्षक ‘हे अशक्य आहे’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुतेक वेळा ‘हिशेब लागत नाही’ असं असतं. जगण्याची गोष्ट ही शिल्लकीची गोष्ट असते: किती उरलंय, किती दिवस पुरेल, कोणाच्या वाट्याचं कमी होणार. बघणारा नकळत ही शिल्लक मनात धरून बसतो. लेखकानं ती धरली नाही की खटकतं, आणि नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही म्हणून तो इंजिनावर घसरतो.

हे मला एका खोलीत बसून कळलं. एका मालिकेचे पहिले चार भाग प्रसारणाआधी वीसेक प्रेक्षकांना दाखवले होते. मी वही घेऊन मागच्या रांगेत बसले होते. भाग संपल्यावर चर्चा सुरू झाली आणि तिघाचौघांनी इंजिन धरलं. ऊर्जा कुठून येते, एवढा वेग कमी करताना माणसं चिरडली कशी नाहीत, वगैरे. मुद्दे चुकीचे नव्हते. अर्धा तास गेला. मग कडेला बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “ते बाळ तीन महिन्यांचं आहे ना? त्याची आई दुसऱ्या भागात गेली. मग बाळाचं दूध कुठून येतंय?”

खोलीत कोणीच बोललं नाही. लेखक पटकथेची पानं मागे-पुढे करत राहिला. मी त्या पटकथेतली हवा तपासली होती, पाणी तपासलं होतं, बॅटऱ्या तपासल्या होत्या. बाळाकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

त्या रात्री बसून आकडे काढले. तीन महिन्यांचं बाळ साधारण सहा किलोचं. किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिली दूध धरलं तर ९०० मिली. पावडरीचं करायचं तर दिवसाला साधारण १३० ग्रॅम. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत संपतो. शिवाय पाणी उकळायला हवं, म्हणजे इंधन हवं. बाटली धुवायला पुन्हा पाणी हवं. मोठी माणसं दोन दिवस अर्धपोटी राहू शकतात, बाळाला ते सांगता येत नाही. एका बाळामुळे सगळ्या कोठाराचा हिशेब बदलत होता आणि पटकथेत त्याचा उल्लेखच नव्हता.

लेखकानं पाचव्या भागात एक छोटा प्रसंग घातला. कोठार सांभाळणारा माणूस पावडरीचा चमचा भरतो, सुरीच्या पात्यानं वरचा भाग सपाट करतो, आणि पात्याला लागलेली चिमूटभर पावडर पुन्हा डब्यात झटकतो. डब्यावर बाहेरून पेन्सिलीच्या रेघा. संवाद एकही नाही. पुढच्या वेळी भाग दाखवले तेव्हा इंजिनावरची चर्चा निम्म्यावर आली होती. इंजिन तेच होतं.

हजार वर्षांपूर्वी काश्मीरच्या अभिनवगुप्तानं भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या भाष्यात रसाच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या आस्वादाच्या, आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं पहिलंच ‘संभावनाविरह’. समोर दिसतंय ते घडू शकेल असं ज्याला वाटत नाही, त्याचं मन त्यात शिरतच नाही, मग ते तिथे विसावणार कसं? त्यावरचा उपायही तो देतो. सर्वसामान्य अनुभवातली गोष्ट असेल तर हृदयसंवाद, म्हणजे बघणाऱ्याच्या मनाशी तिचं जुळणं, पुरतो. लोकविलक्षण पराक्रम दाखवायचा असेल तर रामासारखं प्रख्यात नाव घ्यावं, कारण त्या नावामागे रुजलेला विश्वास उभा असतो. अंतराळात भरकटलेल्या कॅप्टनमागे असा विश्वास नाही. त्याच्या हाती फक्त पहिला उपाय उरतो: भूक, तहान, थंडी, श्वास. म्हणून यान जितकं अद्भुत, तितका घोटभर पाण्याचा हिशेब चोख लागतो.

आता तुमच्या यादीतली हवा घेते. हा माझा विषय असल्यानं जरा लांबेन.

पहिल्या दिवशी मास्क काढणं मला एवढं खटकत नाही. श्वास घेण्याजोगी हवा असलेला ग्रह मिळणं हे महाकठीण आहे, आपल्या पृथ्वीवरच हवेत ऑक्सिजन साचायला सुरुवात झाली ती सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि त्याआधीच्या पृथ्वीवर आपण काही मिनिटंही जगलो नसतो. पण ती या मालिकेनं मागितलेली मोठी सूट आहे, दिली तर पुढची गोष्ट होते. मला खटकतं ते पुढच्या भागात. तिथे सहा जण यानाच्या एका बंद कप्प्यात अडकतात आणि भिंतीवरचा आकडा सांगतो, ‘ऑक्सिजन दोन तास’. मग सगळे गळा धरून धापा टाकतात.

तुम्ही सांगितल्यावरून तो कप्पा साधारण चाळीस घनमीटरचा धरते, म्हणजे मध्यम आकाराची एक खोली. शांत बसलेला माणूस तासाला साधारण वीस लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. सहा जणांचे १२० लिटर. चाळीस हजार लिटर हवेत त्याचं प्रमाण तीन टक्क्यांवर जायला दहा तास लागतात. तेव्हा डोकं ठणकायला लागतं, श्वास आपोआप जलद होतो. त्या क्षणी ऑक्सिजन अजून सतरा टक्क्यांच्या वर असतो! म्हणजे भिंतीवरचा ऑक्सिजनचा काटा म्हणतोय अजून जीव जाण्याइतका कमी नाही, आणि आतली माणसं डोकं धरून बसलीत. बंद खोलीत माणसाला आधी जेरीस आणतो तो त्याचाच उच्छ्वास. पटकथा वाचताना हे मी कितीदा समजावलंय याची गणती नाही, आणि दरवेळी लेखकाचे डोळे चमकतात, कारण खोट्या दोन तासांपेक्षा हे खरे दहा तास कितीतरी भयानक आहेत.

यात अभिनयाचाही प्रश्न आहे. जीव घुसमटल्याची जाणीव शरीराला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नुसता ऑक्सिजन कमी झाला, म्हणजे यानाला बारीक गळती आहे आणि दाब हळूहळू उतरतोय, तर घुसमट जाणवतच नाही. उलट माणूस खुशीत येतो. हात जड होतात, बेरीज चुकते, अक्षर वेडंवाकडं होतं आणि आपण एकदम ठीक आहोत अशी त्याची खात्री असते. वैमानिकांना हे मुद्दाम कमी दाबाच्या खोलीत बसवून दाखवतात, कारण स्वतः अनुभवल्याशिवाय ते पटत नाही. सुमारे साडेदहा किलोमीटर उंचीवर विमानातला दाब गेला तर शुद्धीत राहून काही कामाचं करायला जेमतेम अर्धं ते एक मिनिट मिळतं. तेव्हा बंद कप्प्यातलं मरण आणि गळक्या कप्प्यातलं मरण ही दिसायला एकदम उलटी आहेत. एकात माणूस तडफडतो, दुसऱ्यात हसतहसत चुकीचं बटण दाबतो. मालिका दोन्हीकडे गळा धरायला लावतात. प्रेक्षकाला यातलं शास्त्र ठाऊक नसतं, पण तेच ते धापा टाकणं दहाव्यांदा बघताना त्याला ते उसनं असल्याचं कळतं.

१९७० सालची अपोलो १३ या अमेरिकी चांद्रमोहिमेतली घटना या बाबतीत आठवावी. ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तीन अंतराळवीर चांद्रयानात, म्हणजे चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात, शिरले. ते बनवलं होतं दोघांसाठी, दोनेक दिवसांकरता. तिथेही गळ्याशी आला तो कार्बन डायऑक्साइडच. तो शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे मुख्य यानात शिल्लक होते, पण ते चौकोनी आणि चांद्रयानातल्या जागा गोल. जमिनीवरच्या अभियंत्यांनी यानात असलेल्याच वस्तू समोर मांडल्या: प्लास्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तकाचे पुठ्ठे, अंतराळपोशाखाच्या नळ्या, चिकटपट्टी. त्यातून जोडणी करून दाखवली आणि ती रेडिओवरून वाचून सांगितली. ही गोष्ट सांगितली की माझ्या वर्गातली शाळकरी मुलंसुद्धा ‘असं कसं झालं?’ विचारत नाहीत. टेबलावर काय काय आहे हे त्यांना आधीच दिसलेलं असतं.

यातून मी पटकथाकारांना एक साधी गोष्ट सांगते. जमा-खर्चाच्या वहीसारखं बघा. खर्चाच्या बाजूला कितीही अघटित लिहा, प्रेक्षक पावती मागत नाही. उल्का नेमकी पाण्याच्या टाकीवर पडली? पडू दे. जमेच्या बाजूला मात्र साधा दोराही लिहिलात तर तो कुठून आला हे दाखवावं लागतं. तुमच्या मालिकेत सातव्या भागात अचानक सापडणारी ‘आणीबाणीची पेटी’ लोकांना इतकी का झोंबली, त्याचं उत्तर हेच. पेटी असणं अशक्य नाही. ती जमेला आली आणि तिची पावती नव्हती. तीच पेटी दुसऱ्या भागात रिकाम्या कड्यांच्या शेजारी भिंतीवर दिसली असती, उघडत नाही म्हणून कोणीतरी तिला लाथ मारली असती, तर सातव्या भागात टाळ्या पडल्या असत्या.

आणि कधीकधी खरंखुरं घडलेलं पटकथेत लिहिलं तर कोणाला पटणार नाही, हेही कबूल करायला हवं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये बायोस्फियर २ नावाची काचेची बंदिस्त वास्तू बांधली होती. सप्टेंबर १९९१ मध्ये आठ जण आत गेले, दोन वर्षांसाठी. आत शेती, छोटं जंगल, छोटा समुद्र. बाहेरून हवा घ्यायची नाही. सोळा महिन्यांत आतला ऑक्सिजन जवळपास २१ टक्क्यांवरून साधारण साडेचौदावर आला. माणसांना जिने चढवेनात, झोपेत श्वास अडकायला लागला. ऑक्सिजन जातोय कुठे हेच आधी कळेना. जमिनीत भरपूर सेंद्रिय खत घातलं होतं, त्यातले सूक्ष्मजीव तो वापरत होते. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत दिसायला हवा होता, तो दिसत नव्हता. शेवटी उलगडा झाला की इमारतीचं उघडं काँक्रीट तो शोषून घेत होतं. १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. ‘भिंतींनी हवा खाल्ली’ असं एखाद्या मालिकेत दाखवा, पहिला तट तुटून पडेल. पण बघा, हिशेबाचा धागा इथेही तोच आहे. गेलं किती, आलं किती, मधलं कुठे गेलं. तो शोध टप्प्याटप्प्यानं दाखवला तर भिंतीसुद्धा पटतील.

त्याच आठ जणांत पुढे चार-चारचे दोन गट पडले. एकमेकांशी बोलेनासे झाले. तरी शेतातली कामं चालू राहिली आणि दोन वर्षं पूर्ण करूनच ते बाहेर आले. तुमच्या यादीतल्या तिसऱ्या मुद्द्याकडे मी इथून येते, कारण मला सगळ्यात जास्त तोच खटकतो. दोन दिवसांत जिवावर उठणारी माणसं. याला वास्तववाद म्हणतात, ‘माणूस आतून असाच असतो’ म्हणतात. संकटात माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे एन्रिको क्वारंटेली आणि त्यांचे सहकारी अनेक दशकं प्रत्यक्ष दुर्घटनांमागे फिरले. त्यांना सैरावैरा घबराट क्वचितच आढळली. बहुतेक ठिकाणी शेजारीच शेजाऱ्याला बाहेर काढत होता.

चिलीत ऑगस्ट २०१० मध्ये सान होसे खाण कोसळली आणि ३३ कामगार जमिनीखाली अडकले. आसरा घ्यायच्या जागेतलं अन्न दोनेक दिवसांचं होतं. बाहेरच्यांशी संपर्क व्हायला सतरा दिवस लागले. तोवर दर अठ्ठेचाळीस तासांनी दोन चमचे टूना, घोटभर दूध, एक बिस्किट, असं वाटून खात ते राहिले. एकूण ६९ दिवसांनी तेहतीसच्या तेहतीस वर आले. भांडणं झाली नसतील असं मुळीच नाही. पण चमचा मोजणाऱ्याच्या हाताकडे बाकीचे बत्तीस जण बघतायत, हा प्रसंग कुठल्याही सुरीहल्ल्यापेक्षा ताणलेला आहे असं मला मनापासून वाटतं.

शिवाय भुकेचं स्वतःचं एक वागणं असतं आणि ते मालिकांत जवळजवळ दिसतच नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, चोवीस आठवडे निम्म्या आहारावर ठेवलं. वजन सुमारे पाव भागानं घटलं. ते एकमेकांवर तुटून पडले नाहीत. मलूल झाले. थंडी वाजायची, जिना नकोसा व्हायचा, गप्पा-विनोद संपले. एकेक जेवण तास तासभर पुरवायचे, ताटं चाटायचे, आणि ज्यांनी कधी स्वयंपाक केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले. तुमच्या मालिकेत बाराव्या दिवशी उपाशी माणसं कड्यावर मारामारी करतात. त्याऐवजी दोन दांडगे पुरुष अंधारात एकमेकांना एखाद्या पदार्थाची कृती पुन्हा पुन्हा सांगतायत, आणि एकजण मीठ किती घालायचं यावरून रडकुंडीला येतो, असं दाखवलं असतं तर? भूक मला त्यातून दिसली असती.

प्रेक्षकांच्या तक्रारी वाचताना आणखी एक लक्षात घ्यायचं. प्रत्येकजण आपापल्या कामाच्या खिडकीतून बघतो. परिचारिकेला सलाईनची सुई खटकते, गिर्यारोहकाला दोराची गाठ, मला व्हेंटची दिशा. म्हणून एका तक्रारीला मी फार वजन देत नाही. वेगवेगळ्या कामांतली माणसं एकाच प्रसंगावर अडखळतात तेव्हा मात्र तो प्रसंग मोडलेला असतो, मग त्यांनी दिलेली कारणं एकमेकांशी जुळोत वा न जुळोत.

वादळ आणि केस पटकन संपवते. गाडी उलटणं हे हवा किती दाट आहे यावर आहे. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथे ताशी शंभर किलोमीटरचा वारा आपल्याकडच्या झुळकीइतकाच ढकलतो. तिथलं वादळ मारतं ते धुळीनं. २०१८ च्या जागतिक धूळवादळात ऑपॉर्च्युनिटी या बग्गीची सौरऊर्जा तुटली आणि ती पुन्हा बोललीच नाही. तुमच्या ग्रहावर मात्र माणसं मास्कशिवाय श्वास घेतात, म्हणजे हवा मंगळापेक्षा कितीतरी दाट, तेव्हा तिथे वादळात गाडी उलटली तर ते मान्य करावंच लागेल. ही तक्रार मागे घ्या. केसांचं म्हणाल तर चित्रीकरण भागांच्या क्रमानं होत नाही, सकाळी नववा भाग आणि दुपारी तिसरा असंही होतं. मेकअपची माणसं फोटो लावून मळाच्या पायऱ्या सांभाळतात, त्यात चुका होतात. त्या मी माफ करते.

माफ करत नाही ते वेगळंच आहे. जगण्याच्या मालिका बघून लोक शिकतात. सर्पदंशावर चीर देऊन रक्त चोखणं पडद्यावर इतक्यांदा दाखवलं गेलंय की शुद्धीवर असलेली, शिकलेली माणसं ते करायला धजावतात, आणि त्यानं विष तर निघत नाहीच, जखम वाढते. हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबली की तो खोकून उठून बसतो, हेही तसंच. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १९९६ साली एक पाहणी छापून आली. तीन अमेरिकी टीव्ही मालिकांत छाती दाबलेल्यांपैकी तीन चतुर्थांश तत्काळ वाचत होते. प्रत्यक्षात अमेरिकेत रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या दहांतला एखादाच पुढे घरी जातो. प्रयत्न करायलाच हवा, तो प्राण वाचवतो, पण तो केल्यावरही माणूस गेला तर करणाऱ्यानं आयुष्यभर स्वतःला दोषी धरू नये, एवढं तरी पडद्यानं सांगावं. तसंच सुटकेनंतरचं भरलेलं ताट. महिनाभर उपाशी राहिलेल्याला एकदम पोटभर वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीव जाऊ शकतो. एका पटकथेत शेवटचा प्रसंग असा मेजवानीचा होता. मी तो बदलण्यासाठी तीन बैठका भांडले. शेवटी तिथे डॉक्टर वाटी हातातून काढून घेते आणि तो माणूस तिच्यावर ओरडतो, असं झालं. मालिकेतला माझ्या मते सगळ्यात खरा क्षण तो आहे.

उरलं पीक. परग्रहावर सापडलेली फळं खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते: प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांचे डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांचे आरशातले, दोन प्रकार असू शकतात, आणि पृथ्वीवरच्या जीवांची प्रथिनं डाव्या धाटणीच्या आम्लांची असतात. तिथलं उजव्या धाटणीचं निघालं तर पोट भरेल आणि प्रथिनं मिळणार नाहीत. भरल्या पोटी उपासमार. कोणीतरी यावर एक अख्खा सीझन लिहावा. पण तुमच्या मालिकेत बटाटे लावलेत, तर बटाट्यांचाच हिशेब करू.

शंभर ग्रॅम बटाट्यात सुमारे ७७ कॅलरी. निव्वळ बटाट्यावर माणसाला दिवसाला अडीच ते पावणेतीन किलो लागतात, पन्नास जणांना १३० किलो. पीक हाती यायला तीन-चार महिने, म्हणजे लावणीच्या दिवशी तेवढ्या महिन्यांचं दुसरं अन्न कोठारात असायला हवं. वर्षभराची गरज सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टन. हेक्टरी वीस टन उतारा धरला, आणि तो चांगल्या जमिनीचा आकडा आहे, तरी जवळजवळ अडीच हेक्टर जमीन. आता बेणं. हेक्टरी दोन-अडीच टन बेणं लागतं. म्हणजे पाच-सहा टन खाण्याजोगे बटाटे समोर आहेत, पन्नास भुकेली माणसं आहेत, आणि त्यांना हात लावायचा नाही.

हे कोणाला जमेल का, असं वाटत असेल तर लेनिनग्राड आठवा. १९४१ ते १९४४, शहराला जर्मन सैन्याचा वेढा, लाखो माणसं भुकेनं गेली. तिथल्या वनस्पतीसंस्थेत निकोलाय वाव्हिलोव यांनी जगभरातून जमवलेलं बियाणं होतं: गहू, भात, शेंगदाणे, बटाट्यांचे वाण. वाव्हिलोव स्वतः तेव्हा तुरुंगात होते, १९४३ मध्ये तिथेच त्यांचा भुकेनं अंत झाला. संस्थेतल्या माणसांनी ते बियाणं उंदरांपासून, थंडीपासून, आणि स्वतःपासून राखलं. त्यातले कित्येक उपासमारीनं गेले. भाताच्या वाणांचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव गेले तेव्हा त्यांच्या ताब्यात तांदळाची हजारो पाकिटं होती.

तुमच्या मालिकेतलं पीक महिन्यात येतं हे चूक आहेच, पण तो एक संवाद बदलून ‘चार महिन्यांनंतर’ असं लिहिलं तरी माझं समाधान होणार नाही. त्या चार महिन्यांत रात्री बेण्याच्या पोत्यांपाशी पहाऱ्याला कोण बसत होतं, ते त्यांनी दाखवलेलं नाही.